गावाची तब्येत आणि गावाची कमाई

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



‘सार्वजनिक आरोग्य आणि आपल्या भागाची आर्थिक प्रगती’ हा विषय मला सुचविण्यात आला, तेव्हा प्रथम मी कचरलो. हा विषय एखाद्या डॉक्टरने किंवा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावा, मी तर बी.ए., बी.एड. झालेला शाळामास्तर. परंतु विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, आरोग्य आणि पैसा यांची गाठ कोठे पडते हे शिक्षकाला रोज पाहावयास मिळते. ती गाठ हजेरीपटावर पडते. म्हणून पुस्तकातल्यापेक्षा हजेरीपटावरची गोष्ट आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीला एक मुलगी होती. नाव सांगत नाही. गणितात हुशार, अक्षर सुंदर. तिचे वडील संत्र्याच्या हंगामात हमाली करीत, एरवी मिळेल ते काम. त्यांना खोकला लागला. पहिल्या महिन्यात त्यांनी दुकानातून गोळ्या आणल्या. दुसऱ्या महिन्यात कोणी सांगितले म्हणून एका गावाला जाऊन सुया घेतल्या, सलाईन लावून घेतले. तिसऱ्या महिन्यात उसने पैसे घेऊन आणखी एकीकडे तपासण्या केल्या. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी झाली आणि क्षयरोगाचे निदान झाले. औषध सुरू झाले. त्या औषधाचा एक पैसाही पडला नाही आणि सहा महिन्यांत माणूस बराही झाला.

पण तोपर्यंत दोन बकऱ्या विकल्या गेल्या होत्या, नातेवाइकांचे कर्ज झाले होते आणि हमालीची जागा दुसऱ्याने घेतली होती. मुलगी संत्री निवडण्याच्या कामावर जाऊ लागली. मी घरी गेलो, तेव्हा तिची आई म्हणाली, “सर, शाया कुठी पयून चालली? पन घरात आता कमावनारं कोन हाय?” मला उत्तर देता आले नाही. पुढे शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. सर्वत्र लिहितात तेच मी लिहिले, ‘पालकाच्या विनंतीवरून’.

मित्रहो, त्या घराचा हिशेब मांडून पाहा. औषध फुकट होते, परंतु उशीर फार महाग पडला. पहिल्याच महिन्यात कोणी त्यांच्या दाराशी येऊन “पंधरा दिवसांच्या वर खोकला आहे, थुंकी तपासून घ्या” असे सांगितले असते, तर बकऱ्या गोठ्यात राहिल्या असत्या आणि मुलगी वर्गात राहिली असती. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. आरोग्यसेवेतील खरी नवी कल्पना नेहमीच मोठ्या यंत्रात नसते. योग्य माणूस योग्य वेळी दाराशी पोहोचणे हीदेखील नवी कल्पनाच असते, आणि तिची किंमत त्या घराच्या कमाईत मोजता येते.

आता एका घराकडून तालुक्याकडे येऊ. आपला तालुका शेतीवर आणि मजुरीवर जगतो. पावसाळ्यात सोयाबीन, तूर आणि कपाशीची निंदणी-खुरपणी. पुढे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी, त्यानंतर मृग बहाराची. ज्या महिन्यांत कामाला हात कमी पडतात, त्याच पावसाळ्यात डबकी साचतात, डास वाढतात, विहिरीचे पाणी गढूळ होते आणि हिवताप, डेंग्यू, हगवण घरोघर शिरतात. म्हणजे आजार नेमका कमाईच्या दिवसांवर घाव घालतो. समजा, एका मजुराचा रोज तीनशे रुपये आहे आणि तो दहा दिवस तापाने पडला. तीन हजार रुपये तेथेच गेले. त्याच्याजवळ बसणाऱ्या बायकोचाही रोज बुडाला. त्यात प्रवास, तपासणी आणि औषधे मिळवा. हा पैसा सावकाराकडून आला तर व्याजही मिळवा. अशी शंभर घरे धरली, तर बाजाराच्या दिवशी आपल्याच गावातील किराणा, कापड आणि चपला-बुटांच्या दुकानात किती पैसा कमी येईल, याचा हिशेब व्यापारी बंधूंनी स्वतःच करावा. आजाऱ्याचे नुकसान त्याच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही, ते बाजारपेठेपर्यंत येते.

हे आपल्या जिल्ह्यातील एका थोर पुरुषाला फार पूर्वी कळले होते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली शेंडगावचा, आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या वाटेवर आपण त्या जागेवरून जातो. बाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या धर्मशाळांकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. मुंबईला दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा मिळतो. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांनी ओळखले होते की मोठ्या शहरात उपचार घेताना गरिबाला डॉक्टरच्या फीइतकाच राहण्या-जेवणाचा खर्च मारतो. खराट्याने आजार येऊ न देणे आणि धर्मशाळेने आलेल्या आजारात घर बुडू न देणे, ही आरोग्याच्या अर्थशास्त्राची दोन्ही अंगे त्यांच्या कामात होती.

आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण मेळघाटचे. डॉ. रवींद्र कोल्हे हे नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९८० नंतरच्या दशकात धारणी तालुक्यातील बैरागड येथे गेले. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे याही तेथेच राहिल्या. एक-दोन रुपये फी घेऊन त्यांनी कोरकू बांधवांची सेवा केली, आणि २०१९ साली दोघांनाही ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे निदान. मुले न्यूमोनियाने का दगावतात? अंगावर पुरेसे कपडे नाहीत. कुपोषण का? शेतीचा हंगाम संपला की काम नाही, काम नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून घरात धान्य नाही. म्हणजे रोगाचे मूळ दारिद्र्यात होते. तेव्हा या डॉक्टरांनी अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाची मदत घेऊन शेतीचे ज्ञान मिळविले, स्वतः शेती केली, चांगल्या बियाण्यांचा आणि नव्या पिकांचा प्रयोग केला आणि लोकांना शिकविले. रेशन, रस्ता आणि वीज यांसाठीही ते झटले. डॉक्टरने नांगर हाती धरावा, ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. पण रोगाचे कारण शेतात असेल, तर औषधही शेतातच शोधावे लागेल.

हाच मार्ग डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे धरला होता. दोघेही वेल्लोरला शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. त्यांनी लोकांना विचारले, “तुम्हाला काय हवे?” लोकांनी दवाखाना मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. डॉक्टरांनी कूपनलिकांसाठी धडपड केली, शेतकऱ्यांची मंडळे काढली, महिला मंडळे उभी केली, आणि गावोगावच्या स्त्रिया निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील पुष्कळ स्त्रिया निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. या स्त्रिया बाळंतपण सांभाळू लागल्या, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजावे हे आयांना शिकवू लागल्या, आणि त्याचबरोबर लहानसहान कर्जे मिळवून धंदाही करू लागल्या. प्रारंभी त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी दगावत. वीस-पंचवीस वर्षांत हे प्रमाण विसाच्या आसपास आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९७८ साली अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार मांडला गेला, त्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता.

तिसरे नाव विदर्भातीलच, गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडला तर काय करावे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध कसे द्यावे, हे सारे त्यांना शिकविले. इतर ४७ गावांशी तुलना केली तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. १९९९ साली हे काम लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. आज आपल्या मोहल्ल्यात बाळंतिणीच्या घरी ‘आशाताई’ वजनकाटा घेऊन येते, तेव्हा तिच्या पिशवीत गडचिरोलीतील त्या बायकांचा अनुभव असतो, हे आपण विसरू नये.

या तिन्ही प्रयोगांत एक समान सूत्र आहे. इमारतीपेक्षा माणूस तयार करण्यावर भर, आणि तो माणूस त्याच गावचा, बहुधा स्त्री. यात आर्थिक लाभ दुहेरी आहे. आजार लवकर सापडतो, म्हणून घराचा पैसा वाचतो. शिवाय त्या स्त्रीच्या हाती स्वतःची मिळकत येते, ती गावातच खर्च होते, आणि तिच्या शब्दाला घरात व समाजात वजन येते.

शिक्षक या नात्याने मला परदेशातील दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात शाळकरी मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुलांच्या पोटात आकडीकृमी होते. मुले मरगळलेली असत, लोक त्यांना आळशी म्हणत. १९१० ते १९१५ या काळात रॉकफेलर यांच्या देणगीतून औषधोपचाराची मोठी मोहीम झाली. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा आढळले की, जेथे जंत अधिक होते तेथे मोहिमेनंतर शाळेतील हजेरी वाढली, आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांची कमाईही वाढली. दुसरी गोष्ट आफ्रिकेतील केनिया देशाची. तेथे बुसिया जिल्ह्यातील ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंतांचे औषध दिले गेले, आणि मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ साली आपल्या अभिजित बॅनर्जी यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोळी आपल्या शाळेतही येते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. लोहाची साप्ताहिक गोळीही येते. पण खरे सांगतो, कित्येकदा आपण ती वाटून मोकळे होतो, मुली ती खिशात घालतात आणि घरी जाताना फेकून देतात. पालक म्हणतात, “फुकटची गोळी, काय ठाऊक कशाची!” मी स्वतः एकेकाळी वहीत सह्या घेऊन समाधान मानले आहे. आता मात्र मुली डबा खाऊन झाल्यावर समोर पाणी पिऊन गोळी घेतात, आणि आधी मी स्वतः एक घेऊन दाखवितो.

आता काही शंका. कोणी म्हणेल, सरकारने विमा योजना दिली आहे, मग चिंता कशाची? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, आणि त्या आठांत आपला अमरावती जिल्हा होता. २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार अशा मोठ्या खर्चातून या योजनेने अनेक घरे वाचविली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात भरती झालेल्यासाठी आहे. गरिबाचा पैसा झिजतो तो वारंवारच्या तापात, रक्तदाबाच्या रोजच्या गोळीत, बाहेरून आणलेल्या औषधात. तेथे गावचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय हीच खरी विमा योजना आहे. सपाट भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा सरकारचा निकष आहे. आपल्या गावाला कोणते उपकेंद्र लागू आहे, तेथे परिचारिका कोणत्या दिवशी असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी शंका अधिक रास्त आहे. आरोग्य सुधारले म्हणजे समृद्धी आपोआप येते काय? येत नाही. केरळ राज्याने आरोग्यात आणि शिक्षणात फार लवकर आघाडी घेतली, तरी तेथील लाखो तरुणांना रोजगारासाठी आखाती देशांत जावे लागले. पण परक्या मुलखात ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ धडधाकट शरीर आणि शिक्षण होते. केरळच्या परिचारिका तर जगभर नावाजल्या गेल्या, आणि त्यांनी पाठविलेल्या पैशावर तेथे घरे उभी राहिली. ‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण खरी आहे, परंतु पगडी बांधण्याचे कौशल्यही हवे. ते देणे हे शाळेचे काम आहे.

आणि येथूनच मी आपल्या संस्थेकडे वळतो. नुसते भाषण करून बसणे मला पटत नाही. तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती हजेरीची. प्रत्येक वर्गशिक्षकाने गैरहजेरीपुढे कारण लिहावे. मी काही वर्षे लिहितो आहे. ‘आजारपण’ हा शब्द वारंवार येतो, आणि पुष्कळदा ते मुलाचे नसून घरातील दुसऱ्या कोणाचे असते. लहान भावंडाला सांभाळावयाचे, आईला दवाखान्यात न्यावयाचे. एखादे मूल सलग आठवडाभर आले नाही, तर शिक्षकाने घरी जावे आणि आशाताईंना कळवावे. यास एक रुपयाही लागत नाही.

दुसरी विनंती मार्गदर्शनाची. आपल्यातील अनेक कुटुंबांना योजना ठाऊक नाही, ठाऊक असली तर शिधापत्रिकेत नाव नाही, नाव असले तर ते आधार कार्डावर निराळे लिहिले आहे. आजारी माणूस इर्विनच्या दारात उभा असताना ही दुरुस्ती होत नाही. संस्थेने शाळेतील एका खोलीत आठवड्यातून एक दिवस कागदपत्रे नीट करून देण्याची सोय करावी. आपल्या महाविद्यालयीन माजी विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल. शक्य झाल्यास अमरावतीला रुग्णांसोबत जाणाऱ्यांसाठी दोन खाटांची तरी जागा पाहावी. जकात आणि दानाच्या पैशाचा यापेक्षा चांगला विनियोग मला तरी सुचत नाही. वडीलधाऱ्यांनी यावर विचार करावा.

तिसरी विनंती पालकांना, आणि ती करताना थोडा संकोच वाटतो. आपल्या मुली दहावीत चांगले गुण मिळवितात, आणि पुढे काय, असे विचारले तर घरचे गप्प बसतात. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता या शिक्षणाकडे आपण त्यांना का पाठवू नये? “रात्रपाळी असते, लोक काय म्हणतील,” असे म्हणणारे आपणच घरची बाई आजारी पडली की “बाई डॉक्टर आहे का? नर्सबाई आहे का?” असे विचारतो. ती बाई कोणाच्या तरी घरातूनच यावी लागते. मग आपल्या घरातून का नको? यासाठी विज्ञान शाखा हवी, आणि उर्दू माध्यमाच्या मुलींचे मराठी व इंग्रजी पक्के हवे, कारण रुग्णाशी बोलावयाचे मराठीत आणि औषधाचे नाव वाचावयाचे इंग्रजीत. मराठीचा जादा तास रविवारी घेण्यास मी तयार आहे, विनामूल्य.

सावित्रीबाई फुले यांचे स्मरण करून मी थांबतो. देशातील मुलींना शिकविणारी ही बाई १८९७ साली पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेली. शिक्षकाचे काम कोठे संपते आणि आरोग्याचे कोठे सुरू होते, हा प्रश्न तिला पडला नसावा. ‘तंदुरुस्ती हजार नियामत’ असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. त्या हजार देणग्यांत शिक्षण आणि कमाई याही आल्या.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे वडील आता बरे आहेत, हंगामात पुन्हा हमाली करतात. ती मात्र परत आली नाही. बाजाराच्या दिवशी कधी भेटली तर “सर, सलाम” म्हणते आणि मान खाली घालते. मान खाली घालावी असे तिने काही केलेले नाही. गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण माझ्या वर्गात आली आहे. तीही गणितात हुशार आहे. तिचा दाखला दहावी उत्तीर्ण झाल्यावरच लिहिण्याची पाळी माझ्यावर यावी, एवढीच माझी इच्छा आहे. आणि त्यासाठी मला आपणा सर्वांची मदत हवी आहे.